आयनारचा आकडा

विबेकेच्या वर्गात एक माणूस गेली चाळीस वर्षं नोकरी शोधत होता. त्याचं नाव आयनार आणि मुक्काम फळ्यावर.

आयनार मुळात टोर्किल ब्रूनचा. टोर्किल म्हणजे ऑरहूसच्या विद्यापीठातला जुना प्राध्यापक. बेकारी आणि नोकरीचा शोध हा विषय त्याने तिथे रुजवला आणि आजारी पडेपर्यंत शिकवला. जूनमध्ये तो गेला. त्याची विद्यार्थिनी आणि पुढे बरीच वर्षं शेजारच्या खोलीतली सहकारी म्हणून त्याचा वर्ग या शरद सत्रात विबेकेकडे आला. वर्गाबरोबर त्याचे खडू आले आणि आयनारही आला.

खेळ असा. आयनार बेकार आहे. दर आठवड्याला त्याच्यासमोर एखादी नोकरी येते, नाहीतर येत नाही. आली तर पगार कधी बरा, कधी अगदीच फडतूस. नाही म्हटलं की ती नोकरी गेली, पुन्हा तोंड दाखवणार नाही. हो म्हटलं की शोध संपला. मग आयनारने हो कधी म्हणावं? दोन फळे भरून गणित मांडलं की शेवटी एकच आकडा उरतो. त्याला टोर्किल उंबरठा म्हणायचा. पगार उंबरठ्याच्या वर असेल तर हो म्हणायचं, खाली असेल तर नाही म्हणून थांबायचं. थांबण्यातही कमाई असते, हे त्या गणिताचं सगळं सौंदर्य. फळ्यावरच्या आयनारला गुडघे नव्हते, बायको नव्हती, वाढदिवस नव्हते. तो कितीही थांबू शकत होता.

"विबेके, हा आयनार तोवर पोट कसं भरतो गं?" टोर्किलला हे कुणीतरी दर वर्षी विचारायचंच, या वर्षी तिला विचारलं.

"सरकारी भत्त्यावर."

"मग मला आयनारच व्हायचंय!"

वर्ग हसला. टोर्किल असताना तोही हसायचा म्हणे, पण फळ्याकडे तोंड करून.

ऑक्टोबरात विबेकेच्या लक्षात आलं की मागच्या ओळीत, दाराजवळ, एक म्हातारा येऊन बसतो. त्यात विशेष काही नव्हतं. निवृत्त माणसं व्याख्यानांना येतात, कुणी अडवत नाही, आणि बाहेर पाऊस असला की जास्तच येतात. पण हा माणूस ना वही काढायचा ना पेन. अंगातला कोट काढायचा नाही. ओली टोपी गुडघ्यावर ठेवून मान खाली घालून बसायचा. विबेके फळ्याकडून वळून "आता आयनार काय करेल?" असं म्हणाली की तेवढी मान वर व्हायची, हाक मारल्यासारखी.

आधी तिला वाटलं, योगायोग असेल. म्हणून पुढच्या व्याख्यानात तिने मुद्दाम नाव टाळलं. आयनारच्या जागी "कामगार" म्हणत राहिली. म्हाताऱ्याने सबंध तासात मान वर केली नाही. शेवटी तो इतका हिरमुसून बसलेला दिसला की तिलाच अपराधी वाटलं. फळा पुसून ती वळली तेव्हा तो गेलेला होता. त्या जुन्या सभागृहातल्या लाकडी खुर्च्या माणूस उठला की आपोआप वर मिटतात. सगळ्या मिटल्या होत्या. त्याची तेवढी उघडी होती.

तिने पुढच्या बाकावरच्या एका मुलीला विचारलं, "मागे बसतात ते आजोबा कोण गं?"

"मागे? मागे कोणी नसतं."

पुढे बसणाऱ्या हुशार मुलांना मागचं जग नसतंच, हे विबेकेला पक्कं ठाऊक होतं. ती स्वतः तशीच होती. तरी तिच्या अंगावर काटा आला. मग तो तिला इतरत्रही दिसायला लागला. तळ्याकाठी ओकच्या झाडाखाली, बसथांब्यावर, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर. सायकलवरून ती पुढे निघून जायची आणि मागे वळून बघायची हिंमत व्हायची नाही, कारण त्या चेहऱ्यावरचं नाक तिच्या ओळखीचं होतं. ते नाक तिने जूनमध्ये शवपेटीत पाहिलं होतं.

घरी आस्गरला तिने यातलं काही सांगितलं नाही. घरात आधीच काय कमी होतं?

आस्गर तिचा नवरा. पवनचक्क्यांची पाती बनवणाऱ्या कारखान्यात तो साच्यांच्या विभागाचा मुकादम होता. मागच्या वर्षी कारखाना परदेशात गेला आणि बावन्नाव्या वर्षी आस्गर घरी आला. सुरुवातीला त्याने बाथरूमच्या फरशा बदलल्या, मग छत, मग शेजाऱ्यांचं छत. त्यानंतर बदलण्यासारखं काही उरलं नाही. अर्ज तर दर आठवड्याला करावेच लागतात, नाहीतर भत्ता तुटतो. त्याने रीतसर केले. उत्तरं आली ती सगळी नम्र होती. आणि आता, वर्ष उलटल्यावर, बंदरातल्या शीतगृहाने त्याला बोलावलं. माशांच्या खोक्यांची ने-आण, पहाटेची पाळी. पगार जुन्या पगाराच्या मानाने बराच खाली.

"घेतो मी ही," रविवारी जेवताना तो म्हणाला होता.

"मासे वाहणार तू?"

"मासे मेलेले असतात, विबेके. भांडत नाहीत. कारखान्यातल्या लोकांपेक्षा बरे."

"थांब, नीट मांडून बघू या."

तिने बशा बाजूला सारून गणित मांडलं. आस्गर लिव्हर पेस्ट लावलेला राय ब्रेडचा तुकडा चघळत बघत राहिला. भत्ता किती, तो अजून किती काळ मिळणार, साच्यांच्या कामातल्या माणसांचे पगार कुठून कुठवर. एक गोष्ट मात्र तिला माहीत नव्हती, ती म्हणजे नोकऱ्या किती वेळा समोर येतात. तिथे तिने पुस्तकातला आकडा घातला, वर्गात आयनारसाठी घालते तोच. हात सवयीने चालला. उंबरठा निघाला तो शीतगृहाच्या पगाराच्या थोडासा वर.

"नाही म्हण," ती म्हणाली. "थोडक्यात चुकतंय, पण चुकतंय. थांबलास तर यापेक्षा चांगली मिळेल."

"मला सकाळी उठून कुठेतरी जायचंय गं."

"ते मला कळतं. पण त्याच्यासाठी इतकं खाली जायचं?"

"माझा जीव हो म्हणतोय."

"जिवाला आकडेमोड येत नाही, आस्गर."

तो हसला होता. "बरं बाई. या घरात तज्ज्ञ तू. मंगळवारी चारपर्यंत कळवायचंय त्यांना. बघतो."

खरं सांगायचं तर त्याने शीतगृह म्हटल्याबरोबर विबेकेला डोळ्यांसमोर दिसले होते ते दारातले रबरी बूट. विभागातल्या मैत्रिणींचे नवरे आले तिच्या मनात, एक न्यायाधीश, एक दातांचा डॉक्टर. नाताळच्या मेजवानीत कुणीतरी "आस्गर सध्या काय करतो?" विचारणार आणि ती काय सांगणार, हे आलं. हे सगळं नवऱ्याला तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही. गणिताला असली लाज नसते. तिने आपलं "नको" गणिताच्या तोंडून वदवून घेतलं आणि रात्री शांत झोपली.

मंगळवार म्हणजे दहा नोव्हेंबर, मॉर्टनची संध्याकाळ. त्या दिवशी घरोघरी बदक शिजतं. आस्गर सकाळीच बदक घेऊन आला होता. विबेकेचं व्याख्यान तीनला संपलं. मुलं भराभरा निघून गेली, बाहेर अंधारून आलं होतं आणि पाऊस खिडक्यांना चिकटून होता. तिने फळा पुसला, वळली आणि जागच्या जागी थिजली. म्हातारा गेला नव्हता. मधल्या पायऱ्या उतरून तो अगदी पहिल्या ओळीपाशी उभा होता.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "फार वेळ नाही घेणार. मी आयनार."

विबेकेच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"आयनार ब्रून. टोर्किलचा धाकटा भाऊ." त्याने फडकं उचलून टेबलावर ठेवलं. "तू त्याच्या अंत्यविधीला होतीस. मी मागे बसलो होतो."

भूत नव्हे, माणूस होता. ओल्या लोकरीचा वास येणारा, नाकातून पाणी गळणारा, जिवंत माणूस. तिला हसायला आलं आणि तिने त्याला खुर्ची दिली.

"बसा ना. टोर्किल तुमच्याबद्दल कधी बोललाच नाही."

"बोलायचा की. याच खोलीत. दर वर्षी." म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता. "मी म्हटलं, तो नाही तर आता ती बाई नाव घेते की नाही बघावं. मध्ये एकदा घेतलं नाहीस."

"चुकलंच माझं."

"असू दे. मी आलो ते आकड्यासाठी."

"कसल्या आकड्यासाठी?"

"माझ्या." तो असा बोलला जणू न्हाव्याकडे केस कापायला आला आहे. "आज मॉर्टनची संध्याकाळ ना. दर वर्षी आजच्या दिवशी मी टोर्किलकडे बदक खायला जातो. जेवण झालं की तो आत जाऊन गणित करतो आणि मला त्या वर्षाचा आकडा देतो. आता तो नाही. मग आकडा कुणी द्यायचा? मी विचार केला, वर्ग तिच्याकडे गेला म्हणजे हेही तिच्याकडेच आलं असणार."

विबेके हळूहळू खुर्चीत टेकली. तिने विचारलं, आणि त्याने सगळं सांगितलं. सांगताना त्याच्या बोलण्यात तक्रारीचा एक शब्द नव्हता. तो गोदीत वेल्डर होता. गोदी बंद पडली तेव्हा चौतीस वर्षांचा. त्याच सुमाराला टोर्किल परदेशातून शिकून आला होता, डोक्यात हे नवं कोरं गणित घेऊन. आयनारला रानर्सच्या बसवर चालकाची नोकरी चालून आली. त्याने भावाला विचारलं. टोर्किलने सबंध संध्याकाळ गणित केलं आणि सांगितलं, पगार उंबरठ्याच्या खाली आहे, नाही म्हण.

"मग मी नाही म्हटलं."

"आणि मग?"

"मग थांबलो. किर्स्टनने, माझ्या बायकोने, माझ्याबरोबर दोनेक वर्षं धीर धरला. मग ती ओडेन्सला गेली. तिचं बरोबरच होतं म्हणा, तिला थोडंच गणित येत होतं."

"दुसऱ्या नोकऱ्या?"

आयनारने आठवून पाहिलं. "एक आली होती गोदामात. ती फारच खाली होती. तशी दुसरी बस काही आली नाही. टोर्किल म्हणायचा, येतील. पुस्तकाप्रमाणे यायला हव्यात."

पुस्तकाप्रमाणे. रविवारी बशा बाजूला सारून तिने जो आकडा घातला होता, तो तिला पुन्हा समोर दिसला. आस्गरला वर्षभरात एकच नोकरी आली होती. एकच. ते तिच्या घरात, तिच्या डोळ्यांसमोर घडलं होतं, आणि तिने त्याच्याकडे न बघता पुस्तक उघडलं होतं. घड्याळात साडेतीन होत आले होते.

"आयनार, मला जायला हवं," ती उठली. मग तिला राहवलं नाही. "ऐका. आता तुम्हाला आकडा नको. तुम्हाला पेन्शन मिळते ना? शोधायचं काही कारण उरलं नाही. संपलं ते. आणि खरं सांगू का, पहिला आकडाच..."

ती थांबली. म्हाताऱ्याचा चेहरा बदलत होता. रागाने नव्हे. राग आला असता तर तिला सोसला असता. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून चाललं होतं. तोंड थोडं उघडं राहिलं होतं, आणि त्या उघड्या तोंडाने तो तिच्याकडे बघत होता, आई बाजारात दिसेनाशी झालेल्या मुलासारखा.

"पहिला आकडा काय?" त्याने विचारलं. "चुकला होता?"

विबेकेने टेबलावरचं फडकं उचललं आणि पुन्हा ठेवलं.

"टोर्किलला विचारायला हवं होतं मी," तो पुटपुटला. "दर वर्षी आत जायचा. फार वेळ लागायचा त्याला. आमचं बदक थंड व्हायचं. बाहेर यायचा तेव्हा डोळे लाल झालेले असायचे. मी म्हणायचो, अरे एवढे कष्ट कशाला घेतोस माझ्यासाठी? तर म्हणायचा, गणित किचकट आहे. चुकलं असतं तर सांगितलं नसतं का त्याने मला? सख्खा भाऊ माझा. मग मी इतकी वर्षं... मग मी काय करत होतो?"

विबेकेला टोर्किल दिसला. बंद दाराआड बसलेला, गणित न करणारा. पहिली चूक कुणाचीही होते. दुसऱ्या वर्षी त्याला ती कळली असणार, आणि त्या वर्षी बदक खाताना त्याने भावाच्या तोंडाकडे पाहिलं असणार, जसं ती आता पाहत होती. इतकी वर्षं तिने ज्याला गुरू मानलं, त्याच्या जागी ती आज उभी होती, आणि तिथे उभं राहणं भयंकर होतं.

"नाही नाही," ती घाईने म्हणाली. "चुकला नव्हता. मी म्हणत होते, पहिला आकडाच आता जुना झाला. थांबा, नवा काढते."

तिने खडू घेतला. फळ्यावर काहीबाही चिन्हं मांडली, खोडली आणि मनाला येईल तो एक आकडा लिहून त्याभोवती चौकट केली. आयनारने ओठ हलवत तो पाठ केला. त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"बराच वाढला की," तो समाधानाने म्हणाला. "महागाई. टोर्किलपेक्षा तुझा हात चलाख आहे हं, पोरी." त्याने टोपी घातली. "पुढच्या वर्षी येतो."

तो जिना उतरून जाताच तिने आस्गरला फोन लावला. लागेना. आस्गर कुणाशी तरी बोलत होता. तिने पुन्हा लावला, पुन्हा तेच. आस्गर फोनवर फारसा बोलणारा माणूस नव्हे. कुणाशी बोलत असणार हे कळायला गणिताची गरज नव्हती. कोटाची बटणं न लावताच ती सायकलवर बसली. रिंगरोडचा सिग्नल तिने तोडला. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि मागून एक बाई तिच्या नावाने ओरडली. घे, आस्गर, ती मनात म्हणत होती. घे ती नोकरी. बूट दारात ठेव, माशांचा वास येऊ दे, नाताळच्या मेजवानीत मी सगळ्यांना तोंड वर करून सांगेन. फक्त हो म्हण.

घरात बदक भाजल्याचा वास भरला होता. आस्गर एप्रन बांधून बटाटे साखरेत घोळवत होता. त्याचा चेहरा कित्येक महिन्यांत नव्हता इतका मोकळा होता. ती दारातच थांबली, धापा टाकत, केसांतून पाणी गळत.

"अगं, पोहत आलीस की काय?"

"फोन केलास?"

"केला. आत्ताच. बराच वेळ धरून ठेवलं त्यांनी मला, बाई भली होती." त्याने चमचा चाटला. "नाही म्हणून सांगितलं."

विबेकेने सायकलची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली.

"आधी हो म्हणणार होतो, तुझी शपथ. सकाळपासून तेच मनात घोळत होतं. मग बदकाला मीठ चोळताना विचार आला, माझी बायको जन्मभर हेच शिकवतेय, लोक लांबून येतात तिच्याकडून शिकायला, आणि मी घरातल्या घरात तिचं ऐकू नये? ती बाई म्हणाली, बघा हं, दुसरा माणूस समोरच बसलाय, आत्ता त्याला देऊन टाकीन. म्हटलं, द्या. माझी बायको म्हणते थांब." तो हसला. "फोन ठेवला आणि खरंच सांगतो, छातीवरचं ओझं उतरलं. इतके दिवस नुसता पडून होतो असं वाटायचं. तुझ्या हिशेबात मी पडून नाहीये, मी थांबलोय. फरक आहे ना?"

"आहे," ती म्हणाली.

"मग आता सांग. किती दिवस?"

"म्हणजे?"

"म्हणजे गणितात तेही येत असेल ना? चांगली यायला किती थांबावं लागेल? मला फक्त अंदाज दे. तेवढा मिळाला की मी निवांत."

तो तिच्याकडे बघत होता, हातात चमचा, गालावर साखरेचा पाक. खरं सांगायला हीच वेळ होती. सांगायचं काय, तेही तिला शब्दाशब्दानिशी ठाऊक होतं. आणि ते सांगितल्यावर हा चेहरा कसा दिसेल, तेही आता ठाऊक होतं. तिला स्वतःची किळस आली.

"मार्च," विबेके म्हणाली. "फार तर एप्रिल."

"मग काय, हे आलंच!" आस्गर म्हणाला आणि बटाटे उतरवायला वळला.